डोळ्यांत तेल घालून

शाळेत "डोळ्यांत तेल घालून पहारा करणे" या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करून आपण सगळ्यांनी एकेक मार्क मिळवलाय. पहारेकरी, परीक्षा, शेतातलं पीक... वाक्यं ठरलेली असायची. गंमत म्हणजे हा वाक्प्रचार शब्दशः खरा आहे. डोळा दिवसभर स्वतःच स्वतःत तेल घालत असतो!

म्हणजे बघा. पापणीच्या कडेला, केसांच्या मागे, बारीक तेलग्रंथींची एक रांग असते. प्रत्येक पापणीत वीस-तीस तरी. पापणी मिटली की त्या दाबल्या जातात, किंचित तेल बाहेर येतं आणि पापणी उघडताना डोळ्यावरच्या पाण्यावर पसरतं. रश्श्यावर तर्री असते ना, तसं. हा तेलाचा पापुद्रा आहे म्हणून खालचं पाणी लगेच उडून जात नाही. फुकटचा मेंटेनन्स, आणि डाऊनटाईम अर्ध्या सेकंदाहूनही कमी.

आता आपला धंदा बघा. एरवी माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे टक लावून बसला की हा आकडा पाच-सातवर येतो. त्यातल्याही काही उघडझापी अर्धवट असतात, पापणी खालपर्यंत पोचतच नाही. मग तेल नाही, पाणी उडालं, डोळा कोरडा. वर डोक्यावर एसीचा झोत. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं ते यामुळे.

हा आजार हिंजवडीचा, असं आपल्याकडे धरून चालतात. आज लिहायचंय ते मात्र धानोऱ्याबद्दल.

धानोरा नावाची गावं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, गडचिरोलीत तर त्या नावाचा तालुकाच आहे. हे धानोरा नंदुरबार जिल्ह्यातलं. माझं आजोळ. तिथे माझा मामेभाऊ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, सातबारा, पीकविमा, रेल्वेचं तिकीट, सगळं तिथे. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात. त्यानंतर इथल्या माणसाचं सरकारदरबारचं एकेक काम कॉम्प्युटरवर चढत गेलं. पण ते काम करायला कुणीतरी त्या कॉम्प्युटरसमोर बसावं लागतंच की! धानोऱ्यात तो 'कुणीतरी' म्हणजे माझा भाऊ.

२०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू होते. दुकानापुढे सकाळी सातपासून बायकांची रांग. दिवसा सर्व्हर रडतखडत चालायचा, म्हणून हा रात्री दोनपर्यंत फॉर्म भरायचा. आपल्या रिलीजच्या आठवड्यात असतं तसंच, फक्त इथे पिझ्झा नाही, कॉम्प-ऑफ नाही आणि एक आकडा चुकला तर एखाद्या बाईचे महिन्याचे दीड हजार अडकणार. खरोखर डोळ्यांत तेल घालून करायचं काम.

दिवाळीला मी गेलो तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "भाऊ, डोया इतला चुरचुर करतस ना, काय सांगू!" आणि एक प्रश्न विचारला, जो ऑफिसातही बऱ्याच जणांच्या मनात असतो: डोळ्यांतून सारखं पाणी येतं, मग ते कोरडे कसे?

याचं उत्तर नंदुरबारला बाहेरून शिकायची गरज नाही. नंदुरबारची मिरची प्रसिद्ध. हंगामात शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, मैदानंच्या मैदानं लाल. तिथून जाताना डोळ्यांतून धारा लागतात. ते पाणी म्हणजे डोळ्याने घाबरून मारलेला बंब. आग विझवायला पाणी भरपूर, पण ते गालावरून वाहून जातं, डोळ्यावर टिकत नाही. कोरड्या डोळ्याचंही तेच होतं. चुरचुर झाली की मेंदू बंब पाठवतो. रोजचं शांतपणे पाझरणारं, वर तेल असलेलं पाणी वेगळं आणि हे वेगळं.

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. मग त्याने टेबलाच्या ड्रॉवरमधून थेंबांची बाटली काढली आणि दोन्ही डोळ्यांत टाकली. "हे टाकलं की दहा मिनिटांत लाली जाते," म्हणाला. किती दिवस टाकतोयस? "ऑगस्टपासून." कुणी दिले? मेडिकलवाल्याने.

बाटली हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. एक अँटिबायोटिक आणि त्याच्यासोबत डेक्सामेथासोन. म्हणजे स्टेरॉईड.

मंडळी, हा लेख लिहिण्याचं खरं कारण ही बाटली आहे. स्टेरॉईडचे थेंब वाईट नसतात. डॉक्टर ठरावीक आजारात, ठरावीक दिवसांसाठी देतात आणि तेव्हा ते डोळा वाचवतात. पण महिनोन् महिने मनाने टाकले तर काही लोकांच्या डोळ्यांतला दाब वाढतो. तो वाढलेला राहिला तर डोळ्याची नस मरायला लागते. हाच काचबिंदू. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून नजर परत मिळते, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हा प्रकार बहुतेक वेळा दुखत नाही. उलट स्टेरॉईडमुळे लाली जाते, डोळा शांत वाटतो. अलार्मची वायर कापून 'आता आवाज येत नाही, सिस्टीम ठीक आहे' म्हणावं, तसं!

भाऊबीज झाल्यावर त्याला नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. जाताना एसटीत तो चिडलेलाच होता, दुकान बंद ठेवावं लागलं म्हणून. डॉक्टरांनी दाब मोजला. साधारण एकवीसपर्यंत ठीक मानतात, याचे निघाले पंचवीस आणि सव्वीस. मग नस तपासली. ती पाच मिनिटं मला फार लांब वाटली. मामी बाहेर बाकावर बसून होती, आणि तिला काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होतो. नस शाबूत होती. थेंब बंद केले, साधे अश्रूंसारखे थेंब दिले, दाब उतरवायचं औषध दिलं आणि महिन्याने परत बोलावलं. महिन्यानंतर दाब अठरा. सुटलो!

पण चुरचुर? ती तशीच होती. साहजिक आहे, कारण तिचं मूळ बाटलीत नव्हतंच, टेबलावर होतं. मग आम्ही एका दुपारी दुकानाची मांडणी बदलली. मॉनिटर एका जुन्या खोक्यावर चढवलेला होता, तो खाली उतरवला. नजर किंचित खाली असली की डोळा कमी उघडा राहतो आणि पाणी कमी उडतं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली, अंतर साधारण हातभर. दार स्क्रीनच्या मागे होतं, दिवसभर उजेड थेट तोंडावर, म्हणून टेबल फिरवून दार बाजूला घेतलं. टेबलफॅनचं तोंड भिंतीकडे केलं. अक्षरं मोठी केली. खर्च शून्य.

सगळ्यात कामाची गोष्ट मात्र प्रिंटरची. तुम्हाला तो वीस-वीस-वीसचा नियम माहीत असेल: दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवर, वीस सेकंद बघा. वीस फूट म्हणजे सहा मीटर. त्याच्यापलीकडे बघताना डोळ्यातला फोकसचा स्नायू जवळपास सैल असतो, म्हणून नजर तपासायचा तक्ताही सहा मीटरवर धरतात आणि चांगल्या नजरेला 'सहा बाय सहा' म्हणतात. नियम उत्तम, पण पाळतो कोण? समोर रांग उभी असताना घड्याळ बघून लांब बघत बसलं तर लोक शिव्या घालतील. म्हणून प्रिंटर त्याच्या कोपराजवळून उचलून दाराजवळ नेऊन ठेवला. आता प्रत्येक फॉर्म झाला की उठावंच लागतं. प्रिंट निघेपर्यंत दारातून रस्ता दिसतो, पलीकडे कापसाचं शेत आणि बांधावरची बाभूळ. वीस सेकंद आपोआप होतात. आठवणीवर, शिस्तीवर काही सोडलेलं नाही. डिझाईनमध्येच घालून टाकलंय.

मला वाटतं, आपल्यालाही हेच करायचंय. 'ब्लू लाईट' चष्म्यावर दोन हजार घालवायची गरज नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने सतरा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यात स्क्रीनमुळे येणाऱ्या थकव्यावर या चष्म्यांचा निदान थोड्या काळात तरी फायदा दिसला नाही. आपल्याला विकत घ्यायच्या गोष्टी पटकन सुचतात, उठून जायच्या गोष्टी सुचत नाहीत. पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नका, पँट्रीत ठेवा. फोनवरचे कॉल खिडकीशी उभे राहून घ्या. बिल्ड चालू असेल तेव्हा मोबाईल काढू नका. एक स्क्रीन सोडून दुसरी घेणं ही विश्रांती नाही. आणि चाळिशी लागायची वाट न बघता एकदा डोळे तपासून घ्या, बारीक नंबर असेल तर तोही दिवसभर दमवतो. डोळा दुखून लाल झाला, अचानक अंधुक दिसलं, विजा चमकल्यासारख्या दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ड्रॉवरमध्ये थेंब असतील तर त्यांच्यावरची बारीक अक्षरं आजच वाचा.

मागे फोनवर भावाला विचारलं, काय म्हणतोय डोळा? म्हणाला, चुरचुर पुष्कळ कमी आहे, गर्दीच्या दिवसांत होते थोडी. दाब वर्षातून एकदा मोजून घेतो. फक्त गिऱ्हाईकं कटकट करतात, "प्रिंटर इतका लांब का ठेवलाय रे बाबा? जवळ घे ना, काम लवकर होईल."

"मग तू काय सांगतोस?"

"सांगतो, वायर तेवढीच शे." :-)