सागवानाची तहान

मागवला एक आराखडा, आला भलताच. नव्यासाठी थांबायला सवड नव्हती, म्हणून आला तोच पसंत करून मुंबईत, कुलाब्याला, ‘सुहैली’चं काम सुरू झालं. मागवणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवरचे तरुण अधिकारी होते. नॉर्वेच्या जीवरक्षक होड्यांच्या घाटणीची, दोन्ही टोकांना निमुळती, जेमतेम बत्तीस फुटांची ही नौका. चपळाई तिच्या पत्रिकेतच नव्हती. वाकसानं तासत, कमानीची दोरी ओढून गिरमिट फिरवत, सुतारांनी ती उभी केली. आणि लाकूड? साग. याच बंदरात १८१७ मध्ये वाडियांनी बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे, तेही सागाचंच. तेव्हा सुतारांना सागाबद्दल कुणी काही शिकवायची गरज नव्हती.

डिसेंबर १९६४. नाळेवर नारळ फुटला आणि नौका पाण्यात गेली. अशा वेळी लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. मला विचाराल तर खरी बघण्याजोगी जागा नौकेच्या पोटात असते. तिथं कुणीतरी वाकून तळाशी किती पाणी आलं ते पाहत असतो, आणि थोडं आलेलं दिसलं तरी घाबरत नाही. फळ्यांच्या फटींत कापूस ठासलेला असतो. पाणी लागलं की लाकूड फुगतं, कापूस दाबला जातो, फट मिटते. पावसाळ्यात कोकणातलं दार चौकटीत आवळून बसतं ना, तसंच. सुतार नौका नव्वद टक्के बांधतो आणि उरलेलं समुद्रावर सोपवतो. समुद्र ते काम कधी पुरतं करतो, कधी चुकारपणा करतो.

‘सुहैली’च्या बाबतीत चुकारपणा झाला. १४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन फॉलमथहून एकटेच निघाले, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत. केप व्हर्डे बेटं मागे पडली आणि कण्यालगतची शिवण पाणी देऊ लागली. पांढरं अंग शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून गडद कपडे घालून त्यांनी बुडी मारली. श्वास टिकेल तेवढ्यात कापूस ठोकायचा, वर यायचं, पुन्हा खाली. तोवर ठोकलेला कापूस बाहेर आलेला. शेवटी त्यांनी कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, डांबर फासलं, पट्टी तांब्याच्या चुकांनी बसवली, वर तांब्याचा पत्रा मारला. मधेच शार्क आलाच. त्याला गोळी घालावी लागली. २२ एप्रिल १९६९ रोजी ते फॉलमथला परतले, ३१२ दिवसांनी. एकट्यानं, न थांबता अशी फेरी तोवर कुणीच पुरी केली नव्हती. शर्यतीतल्या बाकीच्या नौकांपैकी एकही शेवटपर्यंत पोचली नाही.

एवढं सोसलेल्या नौकेला पुढे बाधली ती कोरडी हवा! मानानं तिला ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवलं. तिथं ऊन नव्हतं, लाटा नव्हत्या, हवेतला ओलावासुद्धा मोजून मापून. सागात मूळचं तेल असतं. इतर लाकडांच्या मानानं तो फुगतो-आकसतो कमी. तरीही फळ्या वाळून आकसू लागल्या. २००२ मध्ये मालकांनी तिला बाहेर काढलं, डागडुजी केली, पुन्हा समुद्राला लावलं.

२०१८ मध्ये त्या जुन्या शर्यतीची पन्नाशी म्हणून तशीच शर्यत निघाली. तिच्यासाठी गोव्याच्या अक्वेरियस शिपयार्डनं ‘सुहैली’ची धाकटी बहीण बांधली, ‘तुरिया’. दर्यावर्दी अभिलाष टॉमी तिच्यातून निघाले. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागराच्या वादळानं तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. फ्रेंच जहाजानं त्यांना वाचवलं, पण धाकटीला तिथंच सोडून यावं लागलं.

थोरली त्याच वर्षी जूनमध्ये फॉलमथला होती. मालकांचं वय एकोणऐंशी. तिच्या तळाशी तेव्हाही ओंजळभर पाणी असणार, अशी माझी पैज आहे.