लक्ष कुठं होतं?

गेल्या दिवाळीत फराळ करता करता माझ्या मुलानं आजोबांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. टेबलाच्या मधून वर आलेलं गोल पातं गरगर फिरतंय आणि एक माणूस फळीवर सॉसेज ठेवून ती फळी पात्याकडं ढकलतोय. सॉसेज पात्याला टेकतं, ठक्क असा आवाज होतो आणि पातं गायब! सॉसेजवर नुसता ओरखडा. बाबांनी व्हिडिओ तीनदा बघितला. मग मोबाईल परत देत म्हणाले, "ज्याचं कामात लक्ष नाही त्याच्यासाठी आहे हे. लक्ष असलेल्या माणसाला याची काय गरज?"

दादा चकलीचा तुकडा हातात घेऊन तसाच थांबला. मीही गप्प झाले. आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर एकच हात आला असणार, मिस्त्रीमामांचा.

बेळगावात आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. बाबांनी १९७५ मध्ये सुरू केलं, आता दादा बघतो. दांडेलीच्या डेपोतून सागवान यायचं. आम्ही भावंडं शाळा सुटली की भुशाच्या ढिगावर खेळायचो. मिस्त्रीमामा पहिल्या दिवसापासून तिथं होते. नात्यानं कुणी नव्हेत, पण आम्हाला मामाच. कपाटाचं दार असं बसवायचे की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही. कामाच्या वेळी बोलायचे नाहीत, तंबाखू मळायची तरी मशीन बंद करून. नवीन पोरगं आलं की बाबा त्याला आधी आठ दिवस मामांच्या शेजारी नुसतं उभं करायचे आणि सांगायचे, "लक्ष कसं ठेवायचं ते यांच्याकडं बघून शिक."

मे १९९३ मध्ये, माझी दहावीची परीक्षा होऊन गेली होती तेव्हा, लग्नाच्या ऑर्डरीचा पलंग आणि कपाट दोन दिवसांत द्यायचं होतं. दुपारभर वीज नव्हती. संध्याकाळी आली तेव्हा मामा बीडिंगच्या बारीक पट्ट्या कापायला बसले. एका पट्टीत गाठ होती. पात्यानं ती धरली, पट्टी उसळली आणि तिच्यावर जोर दिलेला उजवा हात पुढं गेला. तर्जनी आणि मधलं बोट.

बाबांनी दवाखान्याचा सगळा खर्च केला, तीन महिने घरबसल्या पगार दिला. त्या काळात इतकं करणारे मालक फार नव्हते, हे मला सांगायलाच हवं. मामा परत आले ते पॉलिशच्या कामावर. पटाशी धरायला बोटंच नव्हती. पुढची बारा वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या कपाटांना पॉलिश केलं. कुणी विचारलं की म्हणायचे, "चूक माझीच की हो. लक्ष कुठं होतं कुणास ठाऊक." बाबाही तेच म्हणायचे, हळहळून, पण तेच. आम्ही ऐकत मोठे झालो आणि कधी कुणाला शंका आली नाही.

व्हिडिओतल्या मशीनचं नाव सॉस्टॉप. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं मला ती समजावून सांगितली. पात्यातून एक अगदी सूक्ष्म विद्युत संकेत सतत वाहत असतो. लाकूड वीज नीट वाहून नेत नाही, आपलं शरीर नेतं. बोट टेकताच संकेत बदलतो, स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा एक ठोकळा पात्याच्या दातांत घुसतो. पातं थांबतं आणि टेबलाखाली जातं. सगळं साधारण ५ मिलिसेकंदांत. मिनिटाला ४००० फेरे घेणारं पातं तेवढ्या वेळात एका फेऱ्याचा तिसरा हिस्साच फिरतं.

अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या स्टीव्हन गॅस या पेटंट वकिलानं हे शोधलं. मूळचा तो भौतिकशास्त्रातला डॉक्टरेट आणि सुतारकामाचा शौकीन. सॉसेजवर जमलं तेव्हा त्यानं स्वतःचं बोट लावून पाहिलं. (हे ऐकून आई म्हणाली, "त्याला बायको नव्हती काय अडवायला?") मोठ्या कंपन्यांकडं तो गेला, पण त्यांनी हे तंत्र घेतलं नाही. मग त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी स्वतःच मशिनी बनवायला घेतल्या, २००४ पासून त्या विकल्या जाऊ लागल्या. त्याच्या आधी, २००३ मध्ये, त्यांनी तिथल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाकडं अर्ज केला होता की असं तंत्र प्रत्येक टेबल-कटरला सक्तीचं करा. तिथं या कटरमुळं वर्षाला ३०,००० च्या वर माणसं जखमी होऊन दवाखान्यात येतात आणि सुमारे ४,००० जणांची बोटं किंवा हात तुटतात, असं आयोगाचेच आकडे सांगतात.

त्यावर तिकडं वीस वर्षं वाद चालला. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं सगळंच चुकीचं नव्हतं. मशीन महागणार. ओल्या लाकडानंही ब्रेक उडू शकतो, आणि उडाला की ठोकळा आणि पातं दोन्ही बाद. शिवाय पेटंट एकाच कंपनीकडं, म्हणजे सक्ती केली तर सगळ्यांचे पैसे त्याच्याच खिशात! हा मुद्दा मलाही खटकला. २०२४ मध्ये त्या कंपनीनं सांगितलं की नियम झाला तर आमचं एक महत्त्वाचं पेटंट सर्वांना खुलं करू. हे वीस वर्षं आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

पण सगळ्यात जोरात मांडला गेलेला मुद्दा बाबांचाच होता. हत्यार वापरणाऱ्यानं जबाबदारीनं वापरावं, सरकारनं मध्ये पडू नये. बॉस्टनमध्ये लाकडी जमीन बसवणाऱ्या एका कामगाराचा हात कटरवर जबर जखमी झाला, तो खटला २०१० मध्ये ज्यूरीपुढं आला. गार्ड न लावता काम करत होता तो. ज्यूरीनं त्याच्या वाट्याला दोष टाकला, पण सगळा नाही. सुरक्षित मशीन बनवता येत असून बनवली नाही म्हणून कंपनीलाही दोषी धरलं आणि १५ लाख डॉलर भरपाई दिली.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबले. दोषाचे वाटे पडतात, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडं अख्खा दोष मामांच्या दोन बोटांवर बसला होता.

बाबा म्हणाले, "असली मशीन तेव्हा नव्हतीच, असती तरी मला परवडली नसती." दोन्ही खरं. "आणि सोय झाली की माणूस बेफिकीर होतो." त्यावर आई म्हणाली, "कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह आहे म्हणून मी शिट्ट्या मोजायचं सोडलंय काय?"

मला मात्र दुसरंच आठवत होतं. आमच्या कटरला गार्ड होतं. पात्यावर बसणारं पत्र्याचं झाकण, आणि मागं एक पट्टी, कापलेलं लाकूड पात्याला आवळू नये म्हणून. मशीनबरोबरच आलेलं, वेगळा पैसा न पडलेलं. खाच मारायची तर ते काढावं लागतं, कापायची रेघ नीट दिसत नाही, काम मंदावतं, म्हणून बाबांनीच काढलेलं. ते भिंतीवर खिळ्याला उलटं टांगलेलं असायचं आणि आम्ही त्यात पेन्सिलींचे तुकडे ठेवायचो. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात धोकादायक यंत्राला आडोसा करायची सक्ती होती, पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसं असली तर. आमच्याकडं सहा होती. विचारायला कुणी येणार नव्हतं.

अठरा वर्षं मामांचं लक्ष होतं. एका संध्याकाळी, एका गाठीपाशी, क्षणभर ते अपुरं पडलं. मे महिना, दिवसभराची खोळंबलेली वीज, उद्याची ऑर्डर, हे सगळं बाबांच्याही हातात नव्हतं. पण भिंतीवरचं गार्ड होतं. मी हे मोठ्यानं म्हणाले. बाबा उठून गॅलरीत गेले. सणाच्या दिवशी बोलायला नको होतं, असं आई मला नंतर म्हणाली. नको असेलही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बाबा नातवाला घेऊन अनगोळला मामांकडं गेले. पुढचं मुलानं सांगितलेलं. मामांनी व्हिडिओ बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "पातं वाया जातं काय?" जातं म्हटल्यावर हसले. "मग मालकांनी घेतलीच नसती!" बाबाही हसले. मग चहा येईपर्यंत दोघं काही बोलले नाहीत. निघताना बाबा म्हणाले, "गार्ड मी काढून ठेवलं होतं, मिस्त्री." मामा म्हणाले, "मला काय ठाऊक नव्हतं? मीच तर स्क्रू सोडवून दिले होते तुम्हाला."

जुनं गार्ड केव्हाच भंगारात गेलेलं. आता वर्कशॉपमध्ये दोन कटर आहेत. दादानं उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरकडून दोन्हींना गार्ड आणि मागची पट्टी करून घेतली, बारीक पट्ट्या ढकलायला लाकडाच्या काठ्याही करून ठेवल्यात. सॉस्टॉपची किंमतही त्यानं काढली, आणि सध्या तो विषय काढत नाही.

पोरं खाच मारायला गार्ड काढतात आणि परत लावायला कंटाळतात. बाबा रोज सकाळी पेपर घेऊन दाराशी खुर्चीत बसतात. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला की पेपरातून मान वर न करता विचारतात, "गार्ड कुठाय रे?" पोरं वैतागतात, मशीन बंद करतात आणि गार्ड शोधायला लागतात.