वारा पडण्याची वाट

इंग्लंडातील ओल्ड वॉर्डन या खेड्याजवळ एक लहानसे, हिरवळीचे विमानतळ आहे. उन्हाळ्यातील संध्याकाळी तेथे कितीतरी हौशी मंडळी वारा पडण्याची वाट पाहत बसलेली दिसतात. त्यांना ब्लेरिओ विमान पाहावयाचे असते. ते 1909 सालचे. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि जेमतेम पंचवीस अश्वशक्तीचे इंजिन! वाऱ्यात ते बाहेर काढण्यास कोण धजणार?

हे विमान 1935 साली रिचर्ड शटलवर्थ या तरुणाकडे आले. जुनी याने जमवून ती पुन्हा चालती करण्याचा त्याला भारी नाद. 1940 साली, युद्धकाळात, विमान-अपघातातच तो गेला. आईचा एकुलता एक मुलगा! तिने पुन्हा विमानाचे तोंडही पाहिले नसते, तरी तिला कोणी दोष दिला नसता. पण त्या माउलीने 1944 साली मुलाच्या स्मरणार्थ विश्वस्त निधी स्थापला आणि ती विमाने राखली.

अखेर वारा पडतो. पंखा हाताने फिरवितात, इंजिन फटफटू लागते. विमान गवतावरून धावते, थोडेसे वर उठते, सरळ रेषेत जाते आणि अलगद खाली टेकते. तोवर कोणी बोलत नाही.