डिस्कचा हात

रात्री साडेनऊच्या सुमारास आई जेवणानंतरची झाकपाक करत असते आणि ओट्यावरच्या टॅबवर आजी गात असते. १९८७ साली बाबांनी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. अकरा कॅसेट. त्या मी संगणकावर उतरवल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आमच्या नाशिकच्या घरात, जिन्याखालच्या कपाटात २००९ चा एक संगणक अहोरात्र चालू असतो. फोटो, व्हिडिओ, बाबांची कागदपत्रं आणि या ओव्या, सगळं त्याच्यावर. आम्ही त्याला सर्व्हर म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात आजी मधेच थांबायला लागली. अर्धी ओवी यायची, मग पडद्यावर ते गोल फिरणारं चिन्ह, मग चार-पाच सेकंदांनी पुढचा शब्द. "अगं, पुन्हा अडकली बघ ती," आई हाक मारायची. सर्व्हर म्हातारा झाला, नवा घे, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. पण सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण सेकंदाला जेमतेम १७६ किलोबाइट मागतं. माझी जुनी दोन टेराबाइटची डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास द्यायची. एवढ्या फरकात आजी अडते कशी, हे कळल्याशिवाय डिस्क टाकून देणं मला पटेना.

कशालाही हात लावण्याआधी भावाकडून बाहेरून जोडायची डिस्क आणली आणि सगळं तिच्यावर उतरवलं. एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार त्यात गेली. जुन्या डिस्कवर चाचण्या चालवायच्या म्हणजे तिला दमवायचं असतं, आणि दमता दमता ती कायमची बसली तर त्या अकरा कॅसेट पुन्हा मिळणार नव्हत्या. मूळ फिती आता बुरशीने चिकटल्या आहेत.

मग डिस्क स्वतःबद्दल ज्या नोंदी ठेवते त्या काढून पाहिल्या. खराब होऊन बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे कप्पे, शून्य. संशयित सेक्टर शून्य. पृष्ठभाग धडधाकट होता. एकाच ओळीवर डोळे थांबले: डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत बिघडलेल्या माहितीच्या खेपा, ३,२१४. सर्व्हरवरच्या लिनक्सच्या नोंदवहीतही दिसलं की चुका वाढल्यामुळे त्याने ती वाट आपणहून सर्वांत कमी वेगावर आणून ठेवली आहे. वाट म्हणजे काय, एक साटा केबल. एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने दोन दाखवल्या. "ताई, ही क्लिपवाली घ्या, हलत नाही," तो म्हणाला. ऐंशी रुपये. केबल बदलली, पण चुकांचा आकडा परत शून्यावर येत नसतो. तो लिहून ठेवायचा आणि वाढतोय का ते पाहायचं. वाढला नाही.

आजी आता कमी अडायची, पण अडायची.

हार्ड डिस्क ही हलणारी वस्तू आहे, हे त्या आठवड्यात मला नीट उमगलं. माझ्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, आणि त्याआधी हेडचा हात योग्य ट्रॅकवर सरकायला आणखी तेवढाच किंवा जास्त वेळ. विखुरलेल्या जागी धावायचं असेल तर तो हात सेकंदाला साठेक फेऱ्या मारू शकतो. एका फेरीत चार किलोबाइट उचलले तर सेकंदाला होतात २४० किलोबाइट. शंभर मेगाबाइटवाली हीच ती डिस्क! त्या २४० मधले १७६ आजीला हवेत, आणि त्याच वेळी दुसरं कुणी मागायला आलं की आजी थांबणार.

दुसरं कोण मागत होतं? साडेनऊलाच बॅकअप सुरू व्हायचा, कधीतरी मीच लावलेला. फोटोंच्या छोट्या प्रती बनवणारा प्रोग्रॅमही तेव्हाच जागा व्हायचा. एक जीबी रॅम त्याला पुरायची नाही आणि उरलेलं ओझं तो त्याच डिस्कवरच्या स्वॅपमध्ये टाकायचा. एक बिचारा हात चौघांसाठी पळत होता.

खरं दुखणं आणखी खाली निघालं. २०११ च्या सुमारास डिस्कचे सेक्टर ५१२ बाइटांवरून ४,०९६ बाइटांचे झाले, पण जुन्या संगणकांना कळावं म्हणून डिस्क बाहेर ५१२ चाच हिशेब सांगत राहते. ही डिस्क घेतली तेव्हा मी तिच्याआधीची डिस्क तिच्यावर जशीच्या तशी उतरवली होती, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे तिचं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत होतं. ६३ ला आठने भाग जात नाही. त्यामुळे लिहायचा प्रत्येक तुकडा दोन खऱ्या सेक्टरांवर विभागून पडायचा, दोन खोल्यांच्या उंबरठ्यावर अंथरलेल्या सतरंजीसारखा. तो लिहायला डिस्कला दोन्ही सेक्टर आधी वाचावे लागत, बदलावे लागत, आणि तबकडी पुन्हा फिरून येईपर्यंत थांबावं लागे.

यावर मला एकच खात्रीचा उपाय दिसला. सगळं पुसून २,०४८ व्या सेक्टरपासून नवं पार्टिशन करायचं. आईला सांगितलं तेव्हा ती हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "पुसायचं म्हणजे आजीपण?" मी तिला भावाच्या डिस्कवरून अकराही कॅसेट थोड्या थोड्या ऐकवल्या. रात्री प्रत्येक फाइलचा चेकसम दोन्हीकडे काढून ताडून पाहिला, आणि त्यानंतरच पुसण्याचा हुकूम दिला. एंटर दाबताना बोट थरथरलं होतं.

पुढचं सोपं होतं. एक छोटी एसएसडी घेतली आणि ऑपरेटिंग सिस्टिम, स्वॅप, फोटोंच्या छोट्या प्रती तिच्यावर हलवल्या. रॅम वाढवली. बॅकअप पहाटे तीनला नेला. नेटवर्कवरून मोठी फाइल लिहायला आधी सेकंदाला वीसेक मेगाबाइट मिळायचे, ते ऐंशीच्या पुढे गेले. पण मला आधी जाणवला तो आवाज: कपाटातून येणारी ती सततची कुरकुर थांबली होती.

त्या रात्री आजीची चौथी कॅसेट सलग वाजली. मधे जात्याची घरघर, एकदा बाबांचं खोकणं, कोंबडा. आई ओट्याशी काही न बोलता उभी होती.

तेव्हापासून दर एक तारखेला मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, दोन आकडे लिहिते: केबलच्या चुका आणि संशयित सेक्टर. पहिला अजून ३,२१४ च आहे. दुसऱ्याच्या जागी या महिन्यात पहिल्यांदा शून्य नाही, ८ आहे. उद्या दुकान उघडलं की नवी डिस्क आणणार. आईने विचारलं, तोवर अकरावी कॅसेट ऐकून घेऊ का. मी म्हटलं, भावाच्या डिस्कवरून ऐकू, हिला आता जरा पडू दे.