केवढ्याला?

छंद आणि धंदा हे शब्द कानाला सख्ख्या भावांसारखे लागतात. पण आपल्या मध्यमवर्गीय घरात त्यांची पंगत कधी एक बसत नाही. छंद ही घराची शोभा. धंदा मात्र दुसऱ्याने करावा आणि आपण त्याच्याशी घासाघीस करावी. मुलीने विणलेले तोरण रुखवतात मांडले, की दहा बायका त्याला हात लावून पाहतात. तेच तोरण तिने भर चौकात टेबलावर मांडले, तर त्यांतल्याच काही जणी पदर सावरून लगबगीने पुढे निघून जातात. तोरण तेच असते. मध्ये आलेली असते ती फक्त किंमत.

आमच्या अक्काचा छंद आकाशकंदिलांचा. साताऱ्याला ज्या वाड्यात ती राहते, तिथली आठही बिऱ्हाडे वीस वर्षे तिचेच कंदील लावीत आली. ती चांदणी करते. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या, त्यांची टोके एकमेकींना जखडायची आणि मध्ये पाच आडव्या काड्या अडकवून पोट फुगवायचे. पंधरा काड्यांचा हा संसार, पण एक काडी सुताएवढी आखूड पडली तरी चांदणी लंगडते. मग पतंगाचा कागद, मैद्याची खळ आणि खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. शेवटी झिरमिळ्या. त्या कापताना अक्काची कात्री अशी चालते, की पाहणाऱ्याने बोलणे थांबवावे.

२०२० साली मेहुणे गेले. भाचा पुण्याला शिकत होता, आणि वसतिगृहाच्या खाणावळीचे बिल कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. दोन वर्षे तिने कशी काढली ते तिचे तिला ठाऊक. २०२२ साली अनंत चतुर्दशी झाल्यावर ती मला म्हणाली, "अरे, यंदा साठ करीन म्हणते. बावन्न विकायचे."

"आणि आठ?"

"ते वाड्याचे. ते कसे विकायचे?"

आमच्या काकांना ही बातमी कळली तेव्हा ते म्हणाले, "आपल्या घराण्यात रस्त्यावर दुकान मांडून कोणी बसले नाही." अक्का काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही पुण्याला गेलो, बोहरी आळीत घाऊक भावाने कागद घेतला आणि संध्याकाळी परत आलो. कामट्या गावातल्या बुरुडाने तासून दिल्या.

छंदाला पुनरुक्ती ठाऊक नसते. धंद्याचे तिच्यावाचून चालत नाही. घरासाठी करताना अक्का मनात येईल तो रंग लावी. कधी जांभळ्याशेजारी पोपटी, कधी नुसता पांढरा. विकायचे म्हटल्यावर लाल आणि पिवळा. पंधराव्या कंदिलाला ती कंटाळली, पंचविसाव्याला चिडली, आणि चाळिसाव्याला म्हणाली, "बघ, याची गाठ पहिल्यापेक्षा नीट बसली. वर्षाला आठ करून हात जिथल्या तिथेच राहतो." शाळेत मी मुलांना शुद्धलेखन गिरवायला लावतो, त्याचे समर्थन इतक्या थोड्या शब्दांत मला कधी करता आले नव्हते.

वसुबारसेच्या चार दिवस आधी मोती चौकाजवळ टेबल मांडले. भाड्याचे टेबल, एक दिव्याची माळ, जागेची पावती, आणि मोबाईलवरून पैसे घेण्याची ती चौकोनी काळी नक्षी पुठ्ठ्यावर चिकटवलेली. शाळा सुटल्यावर मी शेजारी बसे. पालक दिसले, की मी उगाच झिरमिळ्या सारख्या करी. "मास्तर, केवढ्याला?" या प्रश्नाला चटकन उत्तर देणे हे फळ्यासमोर उभे राहण्यापेक्षा अवघड आहे. अक्काला मात्र ते पहिल्या संध्याकाळीच साधले. "दोनशे वीस," ती सांगे आणि गप्प बसे. पुढे काही जोडण्याची तिला गरज वाटत नसे.

एक बाई म्हणाल्या, "पलीकडे प्लॅस्टिकचा दीडशेला आहे. घडी होते, तीन वर्षे टिकतो."

"टिकतो खरा. मग तोच घ्या," अक्का म्हणाली. तिच्या स्वरात टोमणा नव्हता. एका तरुणाने सर्व बाजूंनी फोटो काढले आणि काही न घेता तो निघून गेला. परतीच्या पावसाने एका रात्री तीन कंदिलांचा लगदा केला. कागदाच्या धंद्यात आभाळ हाही एक भागीदार असतो, नफ्यात नव्हे, नुकसानीत.

मग एका संध्याकाळी वाड्यातल्या काकू आल्या. त्यांनी टेबलावरचा एक कंदील उचलला, भाव ऐकला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अक्का, आम्हालासुद्धा?"

"काकू, तुमचा घरी बांधून ठेवलाय. हा विकायचा आहे."

वीस वर्षे कंदील फुकट नेताना काकूंनी तो भाजीच्या पिशवीसारखा एका हाताने नेला होता. त्यात त्यांचा दोष नाही; ज्याची किंमत कधी कोणी बोललेच नाही, ते माणसाला आपल्या हक्काचे वाटू लागते. त्या वर्षी त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. किंमत आली की माया जाते, असे आपण समजतो. मला वाटते, दोनशे वीस रुपये शेजारी उभे राहिले, म्हणूनच न घेतलेले दोनशे वीस रुपये काकूंना दिसले.

१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत'चा पसारा उभा राहिला, हे आपण कौतुकाने सांगतो. पापड त्यांच्या आधीही घरोघरी लाटले जात होतेच. नवे होते ते एवढेच, की लाटणाऱ्या हातांचा हिशेब मांडला गेला.

तसा हिशेब पाडव्याच्या दुपारी मी अक्कासमोर मांडला. एकोणपन्नास कंदिलांचे १०,७८० रुपये. कागद, कामट्या, टेबल, दिवे, पावती मिळून ४,५०० वजा. उरले ६,२८०. एका कंदिलाला अडीच तास धरले तर साठांचे दीडशे तास. म्हणजे तासाला बेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत. मी वही मिटली. मला वाटले, तिला वाईट वाटेल.

"वीस वर्षे तासाला काहीच मिळत नव्हते," ती म्हणाली, "तेव्हा कोणी तास मोजले नाहीत. मीही नाही."

खाणावळीचे दोन महिन्यांचे पैसे तिने त्याच दिवशी भाच्याला पाठवले. मग माझ्या हातून वही घेऊन तिने पुढल्या सालाची यादी लिहायला घेतली: लाल-पिवळे पन्नास, वाड्याचे आठ. जरा थांबली आणि खाली आणखी एक ओळ घातली: जांभळे-पोपटी दहा, खपोत न खपोत.