आमच्या घरचा पाव

साठी उलटलेल्या एका निवृत्त शाळामास्तरानें, त्यांतहि आयुष्यभर संस्कृतच शिकविलेल्या मास्तरानें, पाव भाजण्याविषयीं लिहावें हें पाहून कांहीं वाचकांच्या भुवया वर चढतील. त्यांचा आम्हांस राग नाहीं. एके काळीं आमच्या घरांतहि त्या चढल्या होत्या, आणि त्या प्रसंगाचें ओझें अद्याप आमच्या मनावर आहे.

दोन वर्षांपूर्वीं नागपुरांतील महालाची जुनी वस्ती सोडून आम्ही उभयतां मुलाकडे मिहानच्या बाजूस राहावयास आलों. (मिहान हा शब्द अमरकोशांत शोधण्याचा खटाटोप करूं नये, एका लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांतून तो निपजला आहे.) विमानतळापलीकडे, खापरीच्या अंगाला, जेथें पूर्वीं शेतें होतीं तेथें आतां संगणकाच्या कंपन्या, एम्सचें रुग्णालय आणि उंच उंच इमारती आहेत. आमचा मुलगा चार वर्षें जर्मनींत नोकरी करून परतला. त्याच्याबरोबर आमचा सात वर्षांचा नातू आला, आणि नातवाबरोबर एक तक्रार आली. “आजोबा, इथला पाव उशीसारखा आहे. तिकडचा खातांना वाजायचा.”

सूनबाई दिवसभर कचेरींत. घरांत विजेची भट्टी आहे, पण तिला हात लावण्यास कोणास फुरसत नाहीं. रिकामटेकडे काय ते आम्ही. ज्यानें उभ्या जन्मांत चहाखेरीज कांहीं केलें नाहीं, त्यानें पाव करण्याचें मनावर घेतलें.

न मळतां पाव करण्याची एक रीत फार प्रसिद्ध आहे. जिम लेही नांवाच्या न्यूयॉर्कच्या पाववाल्याची ही रीत तेथील ‘टाइम्स’ पत्रांत २००६ सालीं छापून आली, आणि तेव्हांपासून ती जगभर घरोघरीं पोहोंचली. पीठ, पाणी, मीठ आणि नांवाला यीस्ट एकत्र कालवून बारा ते अठरा तास झांकून ठेवावें, म्हणजे मळण्याचें काम वेळ करतो, असें तिचें सार. आम्हीं आज्ञाधारक विद्यार्थ्याप्रमाणें अठरा तास मोजले. मात्र तो मे महिना होता, आणि बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकला होता, हें लक्षांत घेण्याइतकी अक्कल आम्हांस सुचली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पातेल्यांत आंबूस वासाचें, पाणी सुटलेलें कांहींतरी पसरलें होतें. तेंच भाजलें. जें निघालें तें पाटीवर खडूऐवजीं चाललें असतें. नातवानें तें ठोकून पाहिलें आणि प्रामाणिकपणें म्हणाला, “वाजतो, पण खातां येत नाहीं.”

सौभाग्यवती इतका वेळ दारांत उभी राहून पाहत होती. पावाच्या प्रकरणांत ती कधीं पडत नसे. पण त्या दिवशीं ती उरलेल्या गोळ्याचा वास घेऊन म्हणाली, “अहो, हें केव्हांच उतरून गेलें. कुरडईचे गहू आम्ही तीन दिवस भिजवतों, पण रोज पाणी बदलतों. उन्हाळ्यांत आंबणाला घड्याळ लावून चालत नाहीं. बोट लावून पाहावें लागतें.” मग बोटांनीं तो गोळा ताणून पाहत पुढें म्हणाली, “गहू वाटून पाण्यांत कुसकरला कीं चीक खालीं बसतो, आणि हातांत रबरासारखा चिवट चोथा राहतो. कुरडईला तो नको म्हणून आम्ही टाकतों. तुमच्या पावाला तोच हवा आहे.”

हें ऐकून आम्ही चकित झालों. ग्लुटेन म्हणून ज्याची महती पुस्तकांतून गातात, तें विदर्भांतील प्रत्येक सुगरणीच्या हातांतून दर उन्हाळ्यांत गेलेलें आहे! गव्हांतील प्रथिनें पाणी लागतांच एकमेकांस धरतात व त्यांचें जाळें होतें. यीस्ट पिठांतील साखर खाऊन जो वायु सोडतें तो त्या जाळ्यांत अडकतो, आणि गोळा फुगतो. त्याच वेळीं थोडें मद्यहि तयार होतें, पण भट्टींत तें बहुतेक उडून जातें, तेव्हां कोणीं बिचकूं नये. आमच्या जुन्या भाषेंत या खमिराला किण्व म्हणत. कौटिल्यानें त्याचा उल्लेख मद्याच्या प्रकरणांत केला आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत आंबलेल्या अन्नास शुक्त म्हणून वर्ज्य ठरविलें आहे, पण दह्याला व दह्याच्या पदार्थांना तेथेंच सूट आहे. अनारसे, जिलबी, आंबील आपण निःशंक खातों. मग एकट्या पावावरच एवढा कटाक्ष कां?

कारण आंबण्यांत नव्हतें. भाजणाऱ्याच्या हातांत होतें. शब्दच पोर्तुगीज, आणि गोव्याचे पोदेर ख्रिस्ती. त्यांचा पूर्वीं माडाच्या सुरेनें फुगविला जाणारा, कडक पाठीचा उंडो आजहि नांवाजलेला आहे. मुंबईंत १८४९ सालीं निघालेल्या परमहंस मंडळींत प्रवेश घेणारास ख्रिस्त्यानें भाजलेला पाव खावा लागे, इतकें त्या घासाचें भय मोठें होतें. आणि त्या मंडळींत पुढाकार कोणाचा? तर मराठीचें व्याकरण लिहिणाऱ्या दादोबा पांडुरंगांचा! पुढें १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटें पुढें आलीं, त्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवरहि ग्रामण्य झालें.

हा इतिहास आम्ही वर्गांत मोठ्या आवेशानें सांगत असूं. आणि घरीं? १९८४ सालीं, ज्या मुलाच्या घरीं आज आम्ही राहतों त्याच्या जन्मानंतर, सौभाग्यवतीस ताप आला. डॉक्टरांनीं दूध-पाव सांगितला. आमच्या वडिलांनीं पाव स्वयंपाकघरांत येऊं दिला नाहीं. ओली बाळंतीण मागल्या पडवींत, वेगळी काढलेली कांचेची बशी घेऊन एकटी बसे. आम्ही शाळेस जातांना तिच्यासमोरून जात असूं, पण वडिलांपुढें एक शब्द काढण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिनें ती बशी धुऊन पालथी घातली आणि “मला नको आतां,” एवढेंच म्हणाली. त्यानंतर वडील गेले, सोंवळें गेलें, घरांत पाव सर्रास येऊं लागला; तिनें मात्र पुन्हां त्याला हात लावला नाहीं. कां, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं, कारण आम्हांस तें ठाऊक होतें.

असो. पुढें तिच्या देखरेखीखालीं आमची रीत बसली ती अशी. तीनशें ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम कणीक, दोनशें ऐंशी ग्रॅम पाणी, आठ ग्रॅम मीठ आणि एक ग्रॅम कोरडें यीस्ट. कालवून अर्धा तास विसावूं द्यावें. मग ओल्या हातानें कडा ताणून मध्यें आणाव्या, असें अर्ध्या अर्ध्या तासानें चार वेळां. हिवाळ्यांत तें रात्रभर बाहेर ठेवावें. उन्हाळ्यांत मात्र चार-पांच तासांतच दुप्पट होतें, त्या वेळीं फ्रिजचा आश्रय घ्यावा. बोट रोवलें असतां खळगा सावकाश भरून आला म्हणजे वेळ झाली. झांकणाचें बिडाचें पातेलें भट्टींत दोनशें तीस अंशांवर अर्धा तास तापवून गोळा त्यांत सोडावा, वर एक चीर द्यावी, झांकण घालावें. हें झांकणच खरी किल्ली आहे. गोळ्याचीच वाफ आंत कोंडते, पाठ ओलसर राहते, म्हणून पाव मोकळेपणीं फुगतो. अर्ध्या तासानें झांकण काढलें कीं पाठ सुकते आणि पुढच्या वीस मिनिटांत रोडग्यासारखी तांबूस व खरपूस होते. बाहेर काढल्यावर तो निवतां निवतां तडतडतो. नातू कान लावून बसतो. तास-दीड तास कापूं मात्र नये, नाहींतर आंतला भाग गिचका लागतो.

पहिला बरा पाव गेल्या मार्गशीर्षांत साधला. नातवानें त्याला जर्मनीचें प्रशस्तिपत्र दिलें. आम्हीं एक फोड घेतली, आपल्या नेहमींच्या ताटांत, वरणभाताशेजारीं, सौभाग्यवतीपुढें ठेवली, आणि चाळीस वर्षें घशाशीं अडलेलें वाक्य एकदांचें बोललों कीं, त्या वेळीं आम्हीं बोलावयास हवें होतें.

ती कांहीं वेळ ताटाकडे पाहत राहिली. मग तिनें आंतला मऊ भाग मोडून तोंडांत घातला. कवच दांतांना झेपेना, तें वरणांत बुडवून ठेवलें.

“हो, हवें होतें,” ती म्हणाली. आणि घास संपल्यावर, “मीठ कमी आहे.”

तेव्हांपासून आम्ही मीठ नऊ ग्रॅम घालतों.