बाप काय करत होता?

पीएच.डी.चे विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन विभागात येतात. वय, अनुभव, विवाहित की अविवाहित, ग्रामीण की शहरी. मग पाच पर्यायांतून सांगायचे, नोकरीत कितपत समाधानी आहात. नांदेड-लातूरकडचे आम्ही बरेच प्राध्यापक 'समाधानी'वर खूण करून मोकळे होतो. बाप काय करत होता, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. मेख तिथेच आहे.

इथे स्वतंत्र विद्यापीठ आले 1994 साली. तोवर आमच्या कॉलेजांचा कारभार औरंगाबादहून चाले. घरातला पहिला पदवीधर थेट प्राध्यापक झाला, अशी उदाहरणे इकडे गल्लोगल्ली सापडतील. ज्याचा बाप सालगडी होता, त्याला दरमहा पगार खात्यावर पडतो याचेच अप्रूप. नॅक मूल्यांकनाच्या फायली आणि रखडलेली पदोन्नती त्यालाही छळते. पण गावी गेला की पारावरची माणसे 'सर आले' म्हणत सरकून जागा देतात. प्राध्यापकाचा मुलगा प्राध्यापक झाला, तर तोच पगार त्याला पुण्यातल्या वर्गमित्राच्या पॅकेजशेजारी ठेवून दिसतो. प्राध्यापिकांचा हिशेब आणखी वेगळा: शेवटचा तास संपल्यावर बस मिळते का, आणि घरी गेल्यावर वाचायला टेबल मोकळे असते का.

हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1959 साली मांडले होते की चांगल्या पगाराने कुरकुर थांबते, समाधान मात्र कामातूनच येते. नांदेडला हे नवे नाही. इथले विचारवंत नरहर कुरुंदकर इंटरला नापास होत राहिले, शाळेत शिकवत राहिले आणि पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. लोकांनी लक्षात ठेवले ते कुरुंदकर गुरुजी. प्राचार्यपद त्यामानाने किरकोळ.

पण हे कौतुक सांगताना मला जरा भीती वाटते. नेट-सेट, पीएच.डी. झालेली पोरे तासिका तत्त्वावर राबतात. तास झाला तर पैसे, उन्हाळ्यात हात रिकामे. कुणी तक्रार केलीच तर त्याला ऐकवतात, 'तुझ्या बापाने एवढे तरी पाहिले होते का?' पार्श्वभूमीचा असा वापर मला चीड आणतो. कोरडवाहू घरातून आलेल्याची सोसण्याची ताकद मोठी असते, तिला समाधान म्हणून अहवालात छापणे ही लबाडी आहे. शासनाने आणि संस्थाचालकांनी मंजूर पदे आधी भरावीत. समाधान नंतर मोजावे.